व्लॉगसाठी कॅमेरा बदलताना: बेताच्या पैशांत निवड कशी करावी

ठाण्यात तलावपाळीवर संध्याकाळी सात वाजता एक फेरी मारली, तर फोन काठीला लावून बोलत चालणारे तीन-चार जण सहज दिसतात. मी गेली काही वर्षे ठाणे-नवी मुंबईतल्या खाण्याच्या जागांचे आणि सणवारांचे व्हिडिओ करतो, त्यामुळे त्यांच्या मनातला प्रश्न माझ्यापर्यंतही वरचेवर येतो: फोन पुरेनासा झाला आहे, आता कोणता कॅमेरा घेऊ? विचारणाऱ्याने पैसे सहसा कष्टाने साठवलेले असतात, म्हणून एखाद्या मॉडेलचे नाव सांगून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. आपल्या व्हिडिओंत कोणता दोष खरोखर खटकतो हे आधी ठरवावे आणि तो दोष घालवणारी वस्तू घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: शेवटचे दहा व्हिडिओ पुन्हा पाहा

एक वही घ्या, पानावर चार रकाने आखा आणि त्यांना आवाज, हलणे, अंधार आणि चौकट अशी नावे द्या. मग आपले शेवटचे दहा व्हिडिओ कानात इअरफोन घालून, शक्य असल्यास टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर, एकदाही पुढे न ढकलता पाहा. बोलणे रिक्षांच्या आवाजात बुडाले असेल किंवा वाऱ्याची घरघर येत असेल, तर आवाजाच्या रकान्यात खूण करा. चालताना चित्र उसळत असेल, तर हलण्याच्या रकान्यात. दिवे लागल्यानंतरचा चेहरा चिखलासारखा दिसत असेल, तर अंधाराच्या रकान्यात. फोकस मागच्या दुकानावर गेला असेल, किंवा तुमच्या चेहऱ्यापलीकडे काहीच दिसत नसेल, तर चौकटीच्या रकान्यात.

मी ज्यांच्याबरोबर बसून हे केले, त्यांच्यापैकी बहुतेकांचा आवाजाचा रकाना सर्वांत आधी भरला. हा दोष कॅमेरा बदलून जात नाही. हलण्याचा दोष अर्धा कॅमेऱ्याने आणि अर्धा चालण्याच्या सवयीने जातो. अंधार आणि चौकट यांच्यासाठी मात्र कॅमेरा आणि त्याहून अधिक लेन्स यांचा विचार करावा लागतो. खुणा मोजून झाल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

दुसरी पायरी: पैशांची वाटणी आधी लिहून काढा

हाताशी जी रक्कम आहे तिचा किमान चौथा भाग बाजूला काढून ठेवा आणि तो कॅमेऱ्याच्या हिशेबात धरूच नका. मायक्रोफोन, जादा बॅटरी, मेमरी कार्ड, छोटा ट्रायपॉड, लेन्सवर लावायचा, प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर आणि ओलाव्यापासून वाचवणारा डबा या सगळ्याचे पैसे त्यातून निघायला हवेत. सगळी रक्कम कॅमेऱ्यात घालून नंतर कॅमेऱ्यातल्याच मायक्रोफोनवर वर्षभर काम चालवणारे लोक मी पाहिले आहेत. चित्र सुधारते, पण प्रेक्षक बोलणे ऐकू न आल्यामुळे पहिल्या मिनिटातच निघून जातो.

रक्कम वीस हजारांच्या आत असेल, तर माझा सल्ला फोनच ठेवण्याचा आहे. समोरच्या कॅमेऱ्याऐवजी मागचा मुख्य कॅमेरा वापरा, एक कॉलर माइक घ्या, टेबलावर ठेवायचा एक एलईडी दिवा घ्या, आणि ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा यांसारखे मोफत अ‍ॅप घालून शटर व फोकस आपल्या ताब्यात घ्या. चाळीस ते साठ हजारांत एक इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चकती) छोटा कॅमेरा किंवा चांगला वापरलेला मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, यांचा विचार करता येतो. नवा मिररलेस कॅमेरा किट लेन्ससह, म्हणजे खोक्यात सोबत येणाऱ्या लेन्ससह, साधारण साठ ते ऐंशी हजारांच्या पट्ट्यात पडतो, म्हणजे वरची वाटणी पाळायची तर एकूण रक्कम लाखाच्या आसपास हवी. दुकानात नो-कॉस्ट ईएमआय मिळतो, पण त्यात प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर असतो, शिवाय रोखीवर मिळणारी सूट बहुधा सुटते; दोन्ही आकडे शेजारी लिहून मगच सही करावी.

तिसरी पायरी: आवाजाची व्यवस्था

हे काम कॅमेऱ्याच्या आधी करावे, कारण तोच माइक पुढे नव्या कॅमेऱ्यालाही लागतो. तारेचा कॉलर माइक हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि एका जागी बसून बोलणाऱ्यासाठी तो उत्तम आहे. चालत बोलणाऱ्याने वायरलेस जोडी घ्यावी. घेताना पिनेकडे नीट पाहा: तिच्यावर दोन काळ्या पट्ट्या असतील तर ती कॅमेऱ्यासाठी, तीन पट्ट्या असतील तर फोनसाठी. चुकीची पिन खोचली तर आवाज अगदी बारीक येतो किंवा येतच नाही, आणि नवखा माणूस दोष कॅमेऱ्याला देतो. माइकवर बसणारे केसाळ कव्हर सोबत घ्यावे. पाम बीच रोडवर किंवा उपवन तलावाच्या काठावर वारा सुटला की त्याच्याशिवाय एक वाक्यही धड मिळत नाही.

चौथी पायरी: आपले काम कोणत्या प्रकारचे आहे ते ठरवा

खारघरमधल्या स्वयंपाकघरात ओट्यावर कॅमेरा रोखून पाककृती दाखवणारी व्यक्ती, गोखले रोडच्या गर्दीतून चालत बोलणारी व्यक्ती, आणि घरात खुर्चीवर बसून पुस्तकांविषयी बोलणारी व्यक्ती यांना एकच कॅमेरा सारखाच उपयोगी पडत नाही.

ओट्यावरच्या कामात कॅमेरा हलत नाही आणि फोकस एकदा हाताने बसवता येतो. त्यामुळे जुना, वापरलेला, स्वयंफोकसला थोडा कमी असलेला कॅमेराही तिथे सुरेख काम देतो. २०१५ सालचा पॅनासॉनिक जी७ हा असाच कॅमेरा आहे. त्यात फोर-के आहे, बाहेरचा माइक लावण्याची सोय आहे, पण त्याचा स्वयंफोकस चालत्या माणसावर सतत मागे-पुढे होत राहतो. खुर्चीवर बसून बोलणाऱ्याला एका सलग चित्रीकरणाची मर्यादा तपासावी लागते. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत एकोणतीस मिनिटे एकोणसाठ सेकंदांनी चित्रीकरण आपोआप थांबते. नव्यांपैकी कॅनन आर ५० एका तासापर्यंत, तर निकॉन झेड ३० सुमारे सव्वाशे मिनिटांपर्यंत सलग चालतो.

चालत बोलणाऱ्यासाठी स्थिरता आणि रुंद चौकट या दोन गोष्टी बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाच्या आहेत, आणि त्यांविषयी पुढच्या पायरीत सविस्तर लिहिले आहे. गर्दीत लहान कॅमेऱ्याचा आणखी एक फायदा असा, की समोरची माणसे सहजपणे बोलतात. रेल्वे स्थानकाच्या आवारात चित्रीकरणाला परवानगी लागते आणि येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्यामुळे तिथे वन विभागाचे नियम लागू आहेत. कॅमेरा छोटा असला म्हणून यांतून सूट मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

ऐरोलीहून होडीने जाऊन ठाणे खाडीतले फ्लेमिंगो दाखवायचे असतील, तर व्लॉगचा कॅमेरा त्यासाठी निवडूच नये. त्याची किट लेन्स पक्ष्यांचा थवा गुलाबी रेघेएवढाच दाखवते आणि त्या कामाच्या दूरच्या लेन्सचा खर्च या लेखातल्या बजेटच्या पलीकडचा आहे. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी रोजच्या कामाचा कॅमेरा बिघडवू नये.

पाचवी पायरी: हाताचे अंतर आणि चौकटीचा हिशेब

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण माझी स्वतःची पहिली खरेदी इथेच चुकली. गुढीपाडव्याच्या सकाळी कौपिनेश्वर मंदिराजवळून निघणाऱ्या शोभायात्रेत मी नवा कॅमेरा घेऊन पोहोचलो, चालताना चित्र हलू नये म्हणून त्यातली स्थिरीकरणाची सोय सुरू केली आणि हात लांब करून दोन तास बोलत चाललो. घरी येऊन पाहिले तर प्रत्येक तुकड्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत माझाच चेहरा होता. मागे लेझीम चालली होती, तिचा आवाज येत होता आणि खेळणाऱ्यांचे फक्त खांदे चौकटीच्या कडेला अधूनमधून दिसत होते. त्या सकाळचे एकही दृश्य वापरता आले नाही आणि तो दिवस पुन्हा वर्षानेच येणार होता.

याचे कारण साध्या गणिताने कळते. लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितकी चौकट रुंद. किट लेन्सवर लिहिलेला १६ हा आकडा बेताच्या मिररलेस कॅमेऱ्यांत असणाऱ्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर दीडपट होतो आणि फुल-फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या, भाषेत २४ मिलिमीटर पडतो. हात लांब करून कॅमेरा चेहऱ्यापासून साधारण साठ सेंटिमीटरवर धरला, तर २४ मिलिमीटरला चौकटीत सुमारे नव्वद सेंटिमीटर रुंदी मावते, म्हणजे दोन्ही खांदे आणि त्यांच्या बाजूला थोडी जागा. कॅमेऱ्याचे इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण मात्र चित्राच्या कडा कापून काम करते. हा काप कॅमेऱ्यागणिक कमी-अधिक असतो, तो १.४ पटीच्या आसपास असेल, तर तीच लेन्स ३४-३५ मिलिमीटरसारखी वागते आणि त्याच अंतरावर फक्त बासष्ट-त्रेसष्ट सेंटिमीटर रुंदी उरते. माणसाच्या खांद्यांचीच रुंदी चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर असते, मग मागचे शहर दिसणार कुठून? कॅननच्या सेन्सरला १.६ ने गुणावे लागते, त्यामुळे १८ मिलिमीटरपासून सुरू होणारी त्यांची किट लेन्स मुळातच २९ मिलिमीटर पडते आणि हाताच्या अंतरासाठी आणखी अरुंद ठरते.

यातून तीन वाटा निघतात. पहिली वाट म्हणजे छोटी पकड-काठी लावून कॅमेरा आणखी वीस-पंचवीस सेंटिमीटर दूर नेणे. ही सर्वांत स्वस्त आहे आणि आधी हीच करून पाहावी. दुसरी वाट रुंद लेन्सची: सोनीची ११ मिलिमीटर एफ/१.८ किंवा कॅननची आरएफ-एस १०-१८ या लेन्स वजनाला दोनशे ग्रॅमच्या आत आहेत आणि काप लागल्यानंतरही पुरेशी रुंदी शिल्लक ठेवतात, पण त्यांचा खर्च वेगळा धरावा लागतो. तिसरी वाट म्हणजे कडा न कापता यंत्रानेच हात स्थिर ठेवणारा गिंबल. डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ या १७९ ग्रॅमच्या कॅमेऱ्यात तो अंगचाच आहे.

सहावी पायरी: अंधाराचा हिशेब

मोठा सेन्सर घेतला की रात्रीचे चित्र आपोआप चांगले येईल, ही समजूत फार पसरलेली आहे. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर असतो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ३६० चौरस मिलिमीटरच्या पुढे जाते. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर सत्तर चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे क्षेत्रफळात पाचपट फायदा झाला. पण एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते; फोनची लेन्स एफ/१.८ च्या जवळपास उघडते आणि किट लेन्स तिच्या सर्वांत रुंद टोकाला एफ/३.५, त्यामुळे एफ/१.८ ची लेन्स जवळजवळ चौपट प्रकाश आत घेते. पाचपट कमावले त्यातले चौपट इथेच गेले. तलावपाळीवरच्या गाड्यांपाशी रात्री नऊला किट लेन्सने घेतलेला व्हिडिओ फोनपेक्षा किंचितच बरा दिसतो, आणि साठ-सत्तर हजार घालवलेल्या माणसाला ते पाहून फार वाईट वाटते.

म्हणून ज्याच्या वहीत अंधाराचा रकाना भरला आहे, त्याने कॅमेऱ्याचे शरीर साधे आणि लेन्स उजेडाची असा सौदा करावा. सिग्माची १६ मिलिमीटर एफ/१.४ ही या कामाची ओळखीची लेन्स आहे, मात्र ती ४०५ ग्रॅमची आहे आणि तिच्यात स्थिरीकरण नाही, त्यामुळे ट्रायपॉडवर किंवा थांबून बोलण्यासाठी ती अधिक शोभते. एक इंची सेन्सरच्या छोट्या कॅमेऱ्यांत सोनी झेडव्ही-१ ची लेन्स एफ/१.८ पासून सुरू होते, हा तिचा मोठा गुण आहे. घरात बसून बोलणाऱ्याने तर लेन्सआधी दिवाच घ्यावा. खिडकीकडे तोंड करून बसणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

सातवी पायरी: आता मॉडेलची नावे

इथपर्यंत आल्यावर यादी आपोआप आखूड होते. नव्या मिररलेसमध्ये सोनी झेडव्ही-ई१० (२०२१), निकॉन झेड ३० (२०२२) आणि कॅनन आर ५० (२०२३) हे तिघे साधारण एकाच पायरीचे आहेत. तिघांचाही पडदा बाजूला उघडून स्वतःकडे वळवता येतो आणि तिघांनाही बाहेरचा माइक लावता येतो. सोनीला हेडफोन लावून आवाज तपासण्याची सोय आहे, जी इतर दोघांत नाही, आणि तिच्या लेन्सचा वापरलेला बाजार सर्वांत मोठा आहे. उलट कॅमेरा झटकन फिरवला की उभ्या रेषा तिरक्या होण्याचा दोष तिच्यात ठळक दिसतो. आर ५० मध्ये डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर असल्यामुळे फोटोही काढणाऱ्याला तो सोयीचा पडतो आणि त्याचे फोर-के चित्र कडा न कापता मिळते. झेड ३० ची पकड मोठ्या हाताला फार चांगली बसते आणि तिच्या किट लेन्समध्येच कंपन शोषणारी यंत्रणा आहे. बजेट बेताचे असेल आणि पुढे लेन्स वाढवण्याचा विचार असेल तर मी स्वतः झेडव्ही-ई१० कडे झुकतो. एकच लेन्स कायम ठेवणार असाल तर झेड ३०.

चालत बोलणाऱ्यासाठी, आणि लेन्स बदलण्याच्या भानगडीत न पडणाऱ्यासाठी, ऑस्मो पॉकेट ३ हा माझ्या मते आजचा सर्वांत सुटसुटीत पर्याय आहे. त्याचा पडदा उभा वळवला की चित्रही उभे होते, त्यामुळे छोटे उभे व्हिडिओ करणाऱ्याला तो लगेच हाताळता येतो. पण तो पाण्यात चालत नाही आणि त्याची मान नाजूक आहे. पावसात, दुचाकीवर किंवा धबधब्याखाली काम करायचे असेल, तर गोप्रोसारखा अ‍ॅक्शन कॅमेरा घ्यावा. तो वेगळ्या कव्हरशिवाय दहा मीटर पाण्यात टिकतो, मात्र सेन्सर लहान असल्यामुळे दिवे लागल्यावर त्याची ताकद संपते.

झेडव्ही-१ आणि झेडव्ही-१एफ ही नावे सारखी वाटतात, पण फसू नये. झेडव्ही-१ मध्ये झूम लेन्स आणि अंगचा एनडी फिल्टर आहे. झेडव्ही-१एफ मध्ये २० मिलिमीटरची एकच रुंद लेन्स आहे आणि तिचा स्वयंफोकस साध्या प्रकारचा आहे. वापरलेल्या बाजारात स्वस्तात दिसणाऱ्या कॅनन एम ५० आणि २००डी मार्क २ या दोघांबाबतही एक गोष्ट आधी कळायला हवी: दोघांच्या खोक्यावर फोर-के लिहिले असले, तरी फोर-के लावल्यावर कॅननचा नावाजलेला ड्युअल पिक्सेल स्वयंफोकस त्यांत चालत नाही. १०८० वर दोघेही अजून छान काम देतात.

फोर-के हवेच असे वाटत असेल, तर आपला लॅपटॉपही तपासा. सेकंदाला १०० मेगाबिटने फोर-के घेतले, तर एका तासाचे सुमारे ४५ जीबी होतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर दीड तासही पुरा मावत नाही. कार्डावर व्ही ३० अशी, लिहिण्याचा किमान वेग दाखवणारी, खूण असलीच पाहिजे. दहा-बिटच्या एच.२६५ फाइली (जास्त रंगछटांच्या आणि अधिक दाबून साठवलेल्या) तर पाच-सहा वर्षे जुन्या लॅपटॉपवर अडखळतातच.

आठवी पायरी: दुकानात काय तपासावे

कॅमेरा पडद्यावर पाहून मागवण्याआधी एकदा हातात घ्या. ठाण्या-वाशीतल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत मोजकी मॉडेल ठेवलेली असतात. अधिक पर्याय आणि वापरलेला माल पाहायचा असेल, तर लोकलने सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात जावे, तिथे कॅमेऱ्यांची दुकाने एकमेकांना लागून आहेत. आपले मेमरी कार्ड सोबत न्या. दुकानदाराला विचारून ते कॅमेऱ्यात घाला, हात लांब करून दुकानाच्या आतून दारापर्यंत आणि दारातून परत आत बोलत चाला, एकदा स्थिरीकरण बंद ठेवून आणि एकदा सुरू करून. आतल्या ट्यूबलाइटमधून बाहेरच्या उन्हात जाताना चेहऱ्याचा उजेड किती वेळात सावरतो आणि फोकस डोळ्यांवर राहतो की मागच्या पाटीवर जातो, हे त्या दोन फेऱ्यांत दिसते. मग माइकची पिन खोचून पडदा उघडून पाहा, कारण काही कॅमेऱ्यांत माइकची तार नेमकी पडद्याच्या आड येते. ट्रायपॉडची प्लेट लावल्यावर बॅटरीचे दार उघडते का, हेही तिथेच कळते. हे तुकडे घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहा आणि निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले हा आकडा सगळे विचारतात, पण व्हिडिओच्या कामाला तो फारसा उपयोगी नाही. त्याऐवजी पडदा दहा वेळा उघडझाप करून चित्र मध्येच जाते का ते पाहा, कारण बिजागरीतली पट्टी-तार झिजलेली असते. माइकची पिन आत असताना हलकेच हलवून खरखर येते का ते ऐका. लेन्सवर टोपी लावून दहा सेकंद चित्रीकरण करा आणि काळ्या पडद्यावर रंगीत ठिपके चमकतात का ते बघा. शेवटी लेन्स काढून तिच्या मागून फोनचा टॉर्च मारा. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स परत ठेवावी. नवा घेतानाही जीएसटीचे बिल आणि त्यावर सिरियल क्रमांक असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बिलाशिवाय पाच-सात हजारांनी स्वस्त मिळणाऱ्या परदेशी मालाला भारतातली वॉरंटी बहुधा मिळत नाही.

नववी पायरी: पहिल्याच दिवशीच्या सेटिंग्ज

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साध्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा अमेरिकी पद्धतीच्या एनटीएससीवर असेल आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, १/६० सेकंद असेल, तर भिंतीवरून काळसर आडवे पट्टे सरकताना दिसतात. म्हणून मेनूत जाऊन आपल्याकडची पाल ही पद्धत निवडा, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा आणि शटर १/५० वर आणा. पट्टे तिथल्या तिथे नाहीसे होतात. स्वयंपाकघरातला जुना दिवा लावून हे एकदा स्वतः करून पाहिले, की आयुष्यभर लक्षात राहते. दुपारच्या उन्हात १/५० वर चित्र पांढरे पडते. त्यासाठी लेन्सवर कमी-जास्त करता येणारा एनडी फिल्टर लावावा.

परतीची मुदत संपायच्या आत एक पूर्ण व्हिडिओ, निदान वीस-पंचवीस मिनिटांचा, एका बैठकीत चित्रित करा. एप्रिल-मेच्या उकाड्यात लहान कॅमेरे फोर-केवर तापून बंद पडतात. सोनीच्या मेनूत तापमानाची मर्यादा वाढवण्याची सोय असते, ती लगेच शोधून ठेवा. एका बॅटरीवर प्रत्यक्षात तास-सव्वा तासच काम होते, असे धरून चालावे.

दहावी पायरी: पावसाळ्यातली ठेवण

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातले चामड्याचे पट्टेसुद्धा बुरसटतात, मग लेन्स कशी वाचेल? खास ड्राय कॅबिनेट महाग पडते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर एवढ्यावर काम भागते. मीटरचा काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. रंग बदलणारी सिलिका घ्यावी, म्हणजे ती भिजली की डोळ्यांना दिसते आणि वाळवून पुन्हा वापरता येते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका, कारण तांदळाची पूड बटणांत आणि लेन्सच्या कड्यांत शिरते. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत कॅमेरा आठवडाभर बंद ठेवणे सर्वांत वाईट, कारण बॅगच ओलावा धरून ठेवते.

एसी लोकलमधून ठाणे स्थानकावर उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नये. थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेचे दव जमते आणि पुसले तरी पुन्हा येते. बॅगेची चेन बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत, तेवढ्यात कॅमेरा बाहेरच्या उष्णतेला येतो. पावसात भिजून घरी आलात तर आधी बॅटरी आणि कार्ड काढा, कोरड्या सुती कापडाने शरीर टिपा आणि पंख्याखाली लेन्सचे तोंड खाली करून रात्रभर ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका. आणि पावसामुळे महिनाभर बाहेर पडणे झाले नाही, तरी दर आठवड्याला कॅमेरा डब्यातून काढून दहा मिनिटे खिडकीत चालवा, लेन्स उजेडाकडे धरून एकदा आरपार पाहा, आणि बॅटरी अर्धी भरलेली ठेवूनच परत डब्यात ठेवा.